गाडी थांबणार कशी ते आधी बघा : हिवाळी टायरबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला या सदराकडे येणाऱ्या ईमेल बहुतेक एकाच विषयाच्या असतात, आणि त्या कॅनडा, जर्मनी, अमेरिका अशा बर्फाच्या देशांत नव्याने घर मांडलेल्या आपल्या लोकांच्या असतात. विंटर टायर घ्यायचे का ऑल-सीझनवरच भागवायचं? यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय कारण त्यातला प्रश्न बाकीच्या सगळ्यांचाही आहे.

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून मिसिसागाला आलो. पहिला हिवाळा बसने काढला, आता सेकंडहँड होंडा सीआर-व्ही घेतलीय, ऑल व्हील ड्राइव्ह आहे, टायर ऑल-सीझन आहेत आणि नक्षी अजून चांगली खोल आहे. मिस्टर म्हणतात की चारही चाकं ओढतात, टायरवर ऑल-सीझन लिहिलंय, ऑन्टारिओत कायद्याने सक्ती पण नाही, मग रिमसकट चौदाशे डॉलर कशाला घालायचे. मी हॉस्पिटलमध्ये काम करते, पहाटे साडेपाचला ब्रॅम्प्टनला जायला निघते. शनिवारी मुलीला स्केटिंगला न्यायचं असतं, आणि नणंद बॅरीला राहते, तिच्याकडे अधूनमधून जाणं होतंच. जानेवारीत सासू-सासरे येतायत. काय करू?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : ताई, तुमच्यासाठी विंटर टायर, चारही, आणि वेगळ्या रिमवर बसवलेले. आता का ते सांगतो, म्हणजे घरी बोलताना उपयोगी पडेल.

आधी ऑल व्हील ड्राइव्हचं बघू कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. इंजिनची ताकद चारही चाकांना गेली की गाडी बर्फातून निघते छान, चढावर अडकत नाही, हे खरंच आहे, पण ब्रेक तर जगातल्या प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, मग ती साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह असो का महागडी एसयूव्ही. म्हणजे थांबायच्या वेळी ऑल व्हील ड्राइव्हची काहीही मदत नाही, तिथे फक्त टायरचं रबर आणि रस्ता. उलट एक धोका वाढतो, साधी गाडी सिग्नलवरून निघतानाच चाक फिरवते आणि ड्रायव्हरला कळतं की आज रस्ता घसरडा आहे, तुमची गाडी मात्र काही न कळवता पन्नास-साठचा वेग घेते आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक मारल्यावर पहिल्यांदा समजतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, गाडी निघते कशी ते नका बघू, थांबते कशी ते बघा.

आता रबर. सगळी गंमत रबरात आहे, नक्षी त्यानंतर येते. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल जसं घट्ट होतं तसं साध्या टायरचं रबर थंडीत ताठ होत जातं, आणि ताठ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात बसत नाही, वरून सरकतं. साधारण 7 डिग्री सेल्सिअस हा आकडा टायरवाले वापरतात, त्याखाली उन्हाळी टायरची पकड उतरायला लागते आणि विंटर टायर पुढे जातो. म्हणजे बर्फ नसला, रस्ता कोरडा काळा दिसत असला तरी उणे दहाच्या सकाळी फरक असतो, आणि लोक मात्र आकाशातून बर्फ पडतोय का तेवढंच बघतात. विंटर टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं, त्यात सिलिका जास्त, ते उणे वीस-पंचवीसलाही मऊ राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो आणि तो रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो. म्हणून विंटर टायरच्या खाचांत बर्फ भरलेला दिसला तर काठीने काढत बसू नका, तो कामाचा आहे.

अजून एक गोष्ट जी भारतातून आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही. सगळ्यात घसरडा बर्फ उणे वीसचा नसतो, शून्याच्या आसपासचा असतो. तेव्हा त्याच्यावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि टायर त्या पाण्यावर तरंगतो. म्हणजे आज जरा बरं हवामान आहे म्हणून निर्धास्त निघालेला माणूस जास्त घसरतो. टोरंटोच्या बाजूला डिसेंबरभर आणि परत मार्चमध्ये तापमान शून्याच्या वरखाली होत राहतं, दुपारी वितळतं, रात्री गोठतं, पहाटे साडेपाचला तुम्ही निघता तेव्हा त्याची काच झालेली असते. मीठ टाकणारे ट्रक फिरतात पण आधी मोठे रस्ते, मग तुमच्या वस्तीतले, आणि थंडी उणे दहा-बाराच्या खाली गेली की साध्या मिठाचाही फारसा उपयोग होत नाही.

मग ऑल-सीझन म्हणजे काय? अमेरिकेत गुडइयरने 1977 मध्ये टिएम्पो नावाचा टायर आणला तेव्हापासून ही जात रुळली, हेतू हा की दरवर्षी दोनदा टायर बदलायची कटकट नको. पाऊस, ऊन, थोडी थंडी, क्वचित पडणारा बर्फ यासाठी तो चांगलाच आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, व्हर्जिनियाच्या किनारपट्टीला राहणाऱ्यांनी खुशाल वापरावा. त्याच्या बाजूवर एम आणि एस अशी अक्षरं असतात, चिखल आणि बर्फ या अर्थाची. पण हे समजून घ्या की ती अक्षरं नक्षीच्या रचनेवरून मिळतात, खाचा किती रुंद, कडेपर्यंत उघड्या आहेत का वगैरे, त्यासाठी टायर बर्फात चालवून दाखवावा लागत नाही.

दुसरी खूण असते तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाचा कण. ही 1999 पासून आली आणि ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत ठरलेल्या प्रमाण-टायरपेक्षा निदान 10 टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. तुम्ही आज संध्याकाळी खाली जाऊन मोबाईलच्या टॉर्चने आपल्या टायरवर ती खूण आहे का बघा. नसेल तर तो टायर ऑन्टारिओच्या जानेवारीसाठी नाही, नक्षी कितीही खोल असली तरी. आणि ही पण मर्यादा लक्षात ठेवा, अमेरिकेतली ती चाचणी बर्फात पुढे जाण्याची आहे, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची नाही. म्हणून डोंगराची खूण असलेल्या दोन टायरमध्येही बराच फरक असू शकतो.

हे सांगायचं कारण म्हणजे दुकानात तुम्हाला तिसरा पर्याय दाखवतील, ऑल-वेदर. ऑल-सीझन वेगळा, ऑल-वेदर वेगळा. ऑल-वेदरवर डोंगराची खूण असते आणि तो बाराही महिने चालतो, नोकियनचे डब्ल्यूआर मालिकेतले, टोयोचा सेल्सिअस, मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट हे त्यातले. ज्या घरात गाडी शहरातच फिरते, दोघंही घरून काम करतात, वादळ आलं तर उद्या जाऊ म्हणता येतं, टायर ठेवायला जागा नाही, तिथे मी स्वतःहून ऑल-वेदर सुचवतो. ते ऑल-सीझनपेक्षा हिवाळ्यात बरेच चांगले, पण गोठलेल्या रस्त्यावर खऱ्या विंटर टायरची बरोबरी करत नाहीत, आणि ऐन उन्हाळ्यात चांगल्या उन्हाळी टायरच्याही जरा मागेच.

आता तुमचं. मी निर्णय एका प्रश्नावर करतो, की वाईटात वाईट सकाळी गाडी घरी ठेवता येते का? तुमची शिफ्ट आहे, रुग्ण वाट बघतायत, तुम्हाला ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे बॅरी. हायवे 400 वरून उत्तरेला जाताना जॉर्जियन बेवरून येणारे बर्फाचे पट्टे लागतात, मिसिसागात लख्ख ऊन आणि पाऊण तासाने समोरची गाडी दिसत नाही अशी परिस्थिती होते, तिथले लोक याला सरावलेले असतात, आपण नसतो. पहाट, हायवे, बर्फाचा पट्टा आणि मागच्या सीटवर मुलगी व सासू-सासरे, यात मला ऑल-वेदर सुचवायचं धाडस होत नाही. ब्लिझॅक, एक्स-आइस, व्हायकिंगकॉन्टॅक्ट, हाक्कापेलिट्टा या विंटर टायरपैकी जे बजेटमध्ये बसेल ते घ्या, सगळे भरवशाचे आहेत. (नोकियन ही फिनलंडची कंपनी, हिवाळ्यासाठी म्हणून खास टायर पहिल्यांदा 1934 मध्ये त्यांनीच काढला, ट्रकसाठी, आणि हाक्कापेलिट्टा हे नाव 1936 पासून चालू आहे. ज्यांच्याकडे निम्मं वर्ष बर्फ त्यांनी हे आधी शोधावं यात नवल नाही.)

चौदाशे डॉलरचा हिशोबही मिस्टर मांडतायत तसा नाही. विंटर टायर चालतात तेव्हा ऑल-सीझन झिजत नाहीत, ते पुढे तेवढे जास्त वर्षं जातात. रिम वेगळी असली की दरवेळी टायर रिमवरून काढून परत बसवून बॅलन्स करायचा खर्च वाचतो, नुसती चाकं बदलायची, दोन-तीन वर्षांत रिमचे पैसे निघतात आणि टायरच्या कडाही खराब होत नाहीत. ऑन्टारिओत 1 जानेवारी 2016 पासून प्रत्येक गाडी-विमा कंपनीला विंटर टायरसाठी सूट द्यावीच लागते, रक्कम छोटी असते पण दरवर्षी मिळते, एजंटला फोन करून बिल पाठवा, बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं. आणि तुमच्या गाडीला 18 इंची चाकं असतील तर हिवाळ्यासाठी 17 इंची स्टीलच्या रिमवर 235/65 चा टायर बसतो का ते दुकानात विचारा, याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीच तो साइज देते. लहान रिम, उंच टायर, खड्ड्यात मार कमी आणि स्वस्तही. साइज बदलण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि मॅन्युअल मात्र बघा.

पैसे वाचवायला दोनच विंटर टायर पुढे लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर ब्रेक लागला की गाडी मागून फिरते. चार म्हणजे चार, एकाच जातीचे.

लावायची वेळ : सकाळचं तापमान सलग 7 च्या खाली राहायला लागलं की, म्हणजे तुमच्याकडे साधारण ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पहिल्या बर्फाच्या दिवशी फोन कराल तर अपॉइंटमेंट डिसेंबरात मिळेल. एप्रिलमध्ये हवा गरम व्हायला लागली की आठवणीने काढा, मऊ रबर उन्हाळ्यात भराभर झिजतं आणि गरम रस्त्यावर थांबायलाही जास्त अंतर घेतं.

प्रश्न : आम्ही दोघं मॉन्ट्रियलला शिकतोय, जुनी करोला घेतलीय. इथे विंटर टायर कंपल्सरी आहेत हे कळलं. नवीन परवडत नाहीत, एका सीनियरकडून वापरलेले चार 200 डॉलरला मिळतायत. घ्यावेत का, आणि काय बघून घ्यावेत?
— दोन विद्यार्थी, मॉन्ट्रियल

उत्तर : घेऊ शकता, पण बघून. क्विबेकमध्ये तिथे नोंदणी झालेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. सक्ती 2008 च्या हिवाळ्यापासून आहे, आधी 15 डिसेंबरपासून लागू व्हायची, 2019 मध्ये तारीख अलीकडे आणली. टायरवर डोंगराची खूण हवीच, नुसत्या एम-एसवर दंड होतो, 200 ते 300 डॉलर, म्हणजे तुमच्या चार टायरएवढाच. ऑल-वेदर टायर डोंगराची खूण असल्यामुळे कायद्याला चालतो.

वापरलेल्या टायरचं वय आधी बघा. बाजूवर डीओटी ने सुरू होणारी अक्षरं-आकडे असतात, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, 3519 असेल तर 2019 चा पस्तिसावा आठवडा. चारही टायरचे बघा, आणि हो, हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, ते आतल्या बाजूला आले असतील तर चाक काढून किंवा खाली वाकून बघावं लागेल. सहा-सात वर्षांच्या पुढचा विंटर टायर मी घेणार नाही, नक्षी कितीही छान दिसू दे, रबर कडक झालेलं असतं आणि तुम्ही ज्यासाठी पैसे देताय ते मऊपणच संपलेलं असतं. नखाने दाबून बघा, दबायला पाहिजे.

नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज काही डॉलरला मिळतं. नवीन विंटर टायर साधारण 8 ते 9 मिलिमीटरचा असतो. 4 च्या खाली गेला की बर्फात त्याचा काही उपयोग नाही, आणि हिवाळा सुरू होताना निदान 5 हवा कारण तो पुढचे चार महिने झिजणारच आहे. चारही टायर सारखेच झिजलेले आहेत ना, एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे आहेत ना, बाजूला फुगवटा किंवा चीर नाही ना, आतल्या अंगाने ठिगळ मारलेलं नाही ना. हे सगळं ठीक असेल तर 200 डॉलर चांगला सौदा आहे. एक जरी गोष्ट खटकली तर सोडा आणि स्वस्त कंपनीचे का होईना नवीन घ्या, उसनवारी करावी लागली तरी करा, या एका बाबतीत मी हे म्हणेन.

खिळे मारलेले टायर क्विबेकमध्ये 15 ऑक्टोबर ते 1 मे चालतात. शहरात राहता, गरज नाही.

प्रश्न : आम्ही व्हँकुव्हरला, इथे बर्फ वर्षातून चार दिवस. तरी लोक विंटर टायर घालतात. खरंच लागतात का?
— एक वाचक, सरे

उत्तर : शहरापुरतं ऑल-वेदर पुरे. पण ब्रिटिश कोलंबियात ठरलेल्या हायवेंवर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायरची सक्ती आहे, व्हिसलरला जाणाऱ्या सी-टू-स्काय रस्त्यावर 31 मार्चपर्यंत आणि कोकिहालासारख्या उंच घाटांवर 30 एप्रिलपर्यंत. तिथे एम-एसची अक्षरं किंवा डोंगर यातलं काहीही चालतं, नक्षी 3.5 मिलिमीटर हवी. कायद्याला एम-एस चालतं म्हणून त्या भरवशावर कोकिहालावर जाऊ नका, त्या रस्त्याने कलोनाला वरचेवर जात असाल तर खरे विंटर टायर घ्या.

प्रश्न : म्युनिकला बदली होऊन आलो, वापरलेली गोल्फ गाडी घेतली, तिच्यावर बारमाही टायर आहेत, इथे त्याला गान्झयारेसरायफन म्हणतात. ऑफिसमध्ये सगळे म्हणतात ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर लावायचेच. नक्की नियम काय? ख्रिसमसला आई-बाबांना घेऊन साल्झबर्ग आणि पुढे इन्सब्रुकला जायचा विचार आहे.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : जर्मनीत तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. ऑक्टोबर ते ईस्टर हा लोकांचा ठोकताळा आहे, चांगला आहे, पण कायदा म्हणतो की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेला थर किंवा दहिवराची घसरण असेल तर हिवाळी टायर असल्याशिवाय गाडी चालवायची नाही. मग ती तारीख कुठलीही असो. नाहीतर 60 युरो दंड, रस्ता अडवलात तर 80, आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदीत (तिथे चालकांच्या नियमभंगांची नोंद ठेवतात) एक पॉइंट. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली तर मालकालाही दंड आहे, 75 युरो.

तुमच्या टायरवर डोंगराची खूण आहे का हे आत्ता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी 2017 अखेरपर्यंत बनलेले नुसत्या एम-एसचे टायर चालत होते, ती सवलत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. गाडी वापरलेली आहे म्हणजे टायर जुने असू शकतात, म्हणून खूण आणि बनवल्याचं वर्ष दोन्ही बघा. डोंगर असेल तर जर्मनीच्या कायद्याला तुमचे बारमाही टायर पूर्ण चालतात.

कायद्यात बसणं आणि आई-बाबांना घेऊन आल्प्समध्ये जाणं हे मात्र वेगळं धरा. साल्झबर्ग-इन्सब्रुक ऑस्ट्रियात येतात, आणि ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर लागतात आणि तिथे नक्षी निदान 4 मिलिमीटर पाहिजे, त्याच्या खाली गेला की तो विंटर टायर धरतच नाहीत. जर्मनीत कायद्याची मर्यादा 1.6 आहे, त्यामुळे म्युनिकला चालणारा 3 मिलिमीटरचा टायर सीमा ओलांडली की बेकायदा होतो, हे बऱ्याच जणांना तिथे पोलिसांनी थांबवल्यावर कळतं. घाटरस्त्यांवर निळ्या गोल पाटीवर साखळी लावलेल्या चाकाचं चित्र दिसेल, म्हणजे तिथून पुढे साखळ्या लावल्याशिवाय जायचं नाही, टायर कुठलाही असला तरी. साखळ्या घ्या आणि घरी पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, अंधारात उणे दहाला हात गोठलेले असताना पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

माझा सल्ला : रोजचं येणं-जाणं यू-बान आणि एस-बानने (मेट्रो आणि लोकलने), गाडी फक्त शनिवार-रविवारी शहरात, तर चांगले बारमाही ठेवा. जर्मन बाजारात यात चांगला पर्याय भरपूर आहे, आपल्या अपोलो टायर्सने 2009 मध्ये घेतलेल्या व्ह्रेडेस्टाइनचा क्वात्राक हा त्यातला जुना जाणता. पण दर हिवाळ्यात डोंगरात जायचं ठरवलं असेल, आई-बाबा आले की सगळे तिकडेच जातात हे मला माहितीय, तर उन्हाळी आणि हिवाळी असे दोन सेट करा. टायर ठेवायला तळघर नसेल तर वर्कशॉपवाले हंगामाचे थोडे पैसे घेऊन ठेवतात.

अजून एक, कॅनडा-स्वीडनमधल्या मित्राने अमुक टायर जबरदस्त आहे असं सांगितलं तर तोच मागवू नका. तिकडचे नॉर्डिक जातीचे टायर फार मऊ, गोठलेल्या रस्त्यासाठी बनवलेले असतात, म्युनिकचा हिवाळा बराचसा ओला आणि ऑटोबानचा वेग जास्त, ओल्या डांबरावर जोराच्या ब्रेकला ते मागे पडतात. मध्य युरोपसाठी वेगळा विंटर टायर मिळतो, तो घ्या. आणि टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तर ड्रायव्हरला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं, दुकानदार देतो, मागून घ्या.

प्रश्न : आम्ही पुण्याहून जानेवारीत स्वतःच्या गाडीने, स्विफ्ट, मनालीला जाणार आहोत. बर्फात चालणारे टायर पुण्यात कुठे मिळतील?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : शोधू नका. पुण्याहून मनालीपर्यंतचा जवळजवळ सगळा रस्ता कोरडा आणि बर्फाशिवाय असतो, त्यातला मोठा भाग दुपारी चांगलाच तापलेला, त्यावर मऊ रबराचे टायर झिजवत न्यायचे आणि शेवटच्या काही किलोमीटरसाठी वापरायचे यात अर्थ नाही, आणि परत आल्यावर पुण्याच्या उन्हाळ्यात ते धोक्याचेच. महाराष्ट्रात तर कुठेच गरज पडत नाही, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर गवतावरचं दव गोठल्याचे फोटो येतात तेवढंच.

निघण्याआधी आहेत ते टायर मात्र तपासा. नक्षी 4 मिलिमीटरच्या खाली असेल तर नवीन चार टाकून जा, तो खर्च पुढे पावसाळ्यातही कामाला येईल. साखळ्या मनालीत भाड्याने किंवा विकत मिळतात. स्विफ्टला त्या पुढच्या चाकांना लावायच्या, कारण इंजिन पुढची चाकं ओढतं. लावल्यावर वेग तीस-चाळीसच्या वर नाही, आणि डांबर दिसायला लागलं की लगेच काढायच्या, नाहीतर साखळी तुटून मडगार्डमध्ये जाते. बर्फात टायरची हवा कमी करा असं कोणी सांगेल, डांबरावर साचलेल्या पातळ गोठलेल्या थराला त्याचा उपयोग नाही, हवा कंपनीने सांगितलेलीच ठेवा.

ताजा बर्फ पडला की मनालीच्या वर नेहरू कुंडाजवळ पोलिस फोर बाय फोर नसलेल्या गाड्या थांबवतात, वाद घालू नका, ते बरोबर करतायत. तिथून पुढे स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करा. त्या ड्रायव्हर लोकांना सोलंग ते धुंधीची सावलीतली वळणं कुठे गोठतात हे पाठ असतं, ते ज्ञान कुठल्या टायरमध्ये मिळत नाही. अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, आत कोरडा रस्ता, गाडी छान चालते आणि पलीकडे लाहौलच्या तोंडाशी बाहेर पडताच गोठलेला रस्ता लागू शकतो. स्वतःची गाडी असलीच तर बोगदा संपायच्या आधीच वेग उतरवा, बाहेर आल्यावर ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : विंटर टायर लावून घेतले आणि दुसऱ्याच आठवड्यात हवेचा पिवळा दिवा लागला. दुकानात गेलो तर म्हणाले पंक्चर नाही. मग दिवा का? आणि काढलेले टायर फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवले तर चालतील का?
— एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : थंडीने हवा आकसते. साधारण साडेपाच डिग्री सेल्सिअस तापमान उतरलं की टायरमधला दाब एक पीएसआयने कमी होतो. दुकानात आत पंधरा डिग्रीला 33 भरले असतील आणि बाहेर उणे वीस असेल तर पस्तीस डिग्रीचा फरक, म्हणजे सहा पीएसआय गेले, टायर 27 वर आला, दिवा लागू शकतो. दिवा खरं बोलतोय, दुर्लक्ष करू नका, कमी हवेचा टायर जास्त झिजतो आणि वळणावर ढिला पडतो. गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर सकाळी, चालवायच्या आधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि मोठी थंडीची लाट आली की पुन्हा तपासा. तरीही दिवा राहिला तर नव्या रिममध्ये सेन्सर बसवलेत का विचारा. काही गाड्यांत सेन्सर नसतो, गाडी चाकांच्या वेगावरून अंदाज घेते, तिथे मेनूत जाऊन नव्याने शिकवावं लागतं.

बाल्कनीत ऊन आणि पाऊस लागत असेल तर नको, ऊन रबराला तडे पाडतं. धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि अंधाऱ्या गार जागी ठेवा, गीझर, मोटर, फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळ नाही, विजेच्या मोटरमधून निघणारा ओझोन रबराला खातो. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक रचा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवा. कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी पुढचे मागे बदलता येतील. आणि चाकं बदलून आणल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने घट्ट करून घ्या, बहुतेक दुकानं हे फुकट करून देतात, तुमचं राहिलं असेल तर या शनिवारीच जाऊन या.